‘जस्ट नाऊ’ आणि ठरलेली वेळ: दक्षिण आफ्रिकेतून युरोपात स्थिरावताना

दक्षिण आफ्रिकेतून युरोपात राहायला निघालेल्या माणसाला व्हिसा, घरभाडे, बँक खाते आणि हिवाळी कपडे यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्या सल्ल्याचा उपयोग होतोच. परंतु पहिल्या वर्षात माणसाला खरोखर थकवणाऱ्या गोष्टी त्या यादीत सहसा नसतात. वडीलधाऱ्यांपुढे आदराने खाली घातलेली नजर तिकडच्या वरिष्ठांना लपवाछपवी वाटते, सहज तोंडून गेलेल्या एखाद्या शब्दाने जेवणाच्या टेबलावर अवघडलेली शांतता पसरते, आणि रविवारी भिंतीत खिळे ठोकू नका असे सांगायला आलेला शेजारी उगाचच तुसडा वाटू लागतो. यांतला प्रत्येक प्रसंग लहान असतो, पण महिन्याभरात असे दहा प्रसंग घडले की आपल्यातच काही उणीव आहे, अशी समजूत मनात घर करू लागते.

त्यावर मला एकच पद्धत भरवशाची वाटते. कोणतीही सवय, मग ती आपली असो वा त्यांची, कोणत्या परिस्थितीतून तयार झाली हे आधी शोधावे आणि मगच ती ठेवायची, बदलायची की फक्त घरात जपायची हे ठरवावे. जोहान्सबर्गमधल्या घराभोवतीची उंच भिंत, कॅशियरची विचारपूस केल्याशिवाय खरेदीला हात न घालणे, आखलेला बेत फसला की तिथल्या तिथे दुसरा मार्ग काढणे, या सगळ्यांमागे कारणे आहेत. म्युनिकमधल्या रविवारच्या शांततेला आणि ॲम्स्टरडॅममध्ये तीन आठवडे आधी ठरवलेल्या कॉफीलाही तितकीच ठोस कारणे आहेत. शिवाय ‘युरोपीय संस्कृती’ नावाची एकसंध वस्तू नाही, हे दक्षिण आफ्रिकन माणसाला निराळे सांगायला नको. ज्याच्या देशात २०२३ पासून सांकेतिक भाषेसह १२ अधिकृत भाषा आहेत, त्याने लिस्बन आणि हेलसिंकी यांना एकाच तागडीत तोलू नये.

शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

ब्रिटन किंवा आयर्लंडला जाणाऱ्यांना वाटते की इंग्रजी येते म्हणजे अर्धे काम झाले. प्रत्यक्षात भाषा तीच असल्यामुळे घोटाळा लक्षात यायलाच उशीर लागतो. दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे थोड्या वेळाने, कदाचित तासाभराने, कदाचित संध्याकाळी. ‘नाऊ नाऊ’ म्हणजे त्यापेक्षा लवकर. ब्रिटिश माणूस मात्र ‘जस्ट नाऊ’चा अर्थ ‘या क्षणी’ किंवा ‘नुकतेच’ असा घेतो. अहवाल ‘जस्ट नाऊ’ पाठवतो असे सांगून तुम्ही जेवायला गेलात, तर सहकारी तुमच्या ईमेलची वाट पाहत बसतो आणि तुमच्या शब्दावर विसंबता येत नाही असा ग्रह करून घेतो. कामाच्या ठिकाणी असे सैल शब्द पूर्णपणे सोडून द्यावेत आणि ‘तीन वाजेपर्यंत’ असे घड्याळाच्या भाषेत सांगावे. हा एवढाच बदल पहिल्या आठवड्यापासून केला तरी पुढचे बरेच गैरसमज टळतात.

सिग्नलला ‘रोबो’ म्हटल्यावर लोक फार तर हसतील. पण ‘शेम’ हा शब्द जपून वापरावा. मायदेशी तो शब्द कौतुक, कणव, सहानुभूती अशा साऱ्या भावनांसाठी चालतो आणि तान्ह्या बाळाकडे पाहूनही तो सहज तोंडातून निघतो. ब्रिटिश आईला मात्र तो आपल्या बाळाची कीव केल्यासारखा ऐकू येतो. समोरच्याने काही सांगितल्यावर ‘इज इट?’ असा प्रतिसाद देण्याची सवयही अशीच गोंधळात टाकते, कारण तिकडे तो शंका घेणारा प्रश्न वाटतो.

आफ्रिकान्स बोलणाऱ्यांना नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या फ्लेमिश भागात मोठी सोय होते, आणि तेथेच सर्वांत फसवे शब्दही भेटतात. १६५२ साली केपला, म्हणजे आजच्या केपटाउनला, डच ईस्ट इंडिया कंपनीची वसाहत झाली आणि तिथल्या डच बोलीतून पुढे आफ्रिकान्स घडली. १९२५ साली तिला अधिकृत दर्जा मिळाला. या प्रवासात अनेक शब्दांनी आपापली वाट धरली. आफ्रिकान्समध्ये ‘आम्पर’ म्हणजे जवळजवळ, तर डचमध्ये जेमतेम. आफ्रिकान्समधले ‘कॉम्बयस’ म्हणजे घरातले स्वयंपाकघर, तर डच माणसाला त्या शब्दाने जहाजावरचा मुदपाकखाना आठवतो. ‘आर्दिख’ हा शब्द आफ्रिकान्समध्ये विचित्र किंवा अस्वस्थ वाटण्यासाठी वापरतात, डचमध्ये तो माणसाच्या चांगुलपणाबद्दल बोलताना येतो. ‘बाकी’ म्हणजे मायदेशी सामान वाहणारी उघड्या हौद्याची गाडी. डच सहकारी ‘बाकी’ घेऊ या म्हणाला, तर तो कॉफीच्या कपाविषयी बोलत असतो. म्हणून आफ्रिकान्सच्या आधारावर डच समजून घ्यावी, पण बोलण्यासाठी ती नवी भाषा म्हणूनच शिकावी. निव्वळ आफ्रिकान्समध्ये बोलत राहिल्यास डच माणसाला ती भाषा जुनाट आणि गोड वाटते, तो कौतुकाने हसतो, आणि तुमचे गंभीर म्हणणे त्या कौतुकात हरवून जाते.

जर्मनी, फ्रान्स, स्पेन यांसारख्या देशांत इंग्रजीवर वर्षभर भागते. त्यापुढे भागत नाही. कार्यालयात सगळे इंग्रजी बोलत असले तरी भाडेकरार, शाळेचे पत्र, डॉक्टरची मदतनीस आणि सहकाऱ्यांच्या आपसातल्या गप्पा स्थानिक भाषेतच असतात. जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना मिळवण्यासाठी साधारणपणे ‘बी-१’, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन लागते. घरी झुलू, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर सोथो आणि टीव्हीवर खोसा ऐकत वाढलेल्या माणसाला आणखी एका भाषेचे भय वाटण्याचे कारण नाही. ही तयारी अनेक युरोपीयांकडेही नसते, म्हणून पहिल्या महिन्यापासून वर्गात नाव घालावे.

अभिवादन, नजर आणि संबोधन

दक्षिण आफ्रिकेत पेट्रोल भरणाऱ्या माणसालासुद्धा आधी ‘कसे आहात’ असे विचारले जाते, आणि झुलू अभिवादन ‘सावुबोना’ याचा शब्दशः अर्थच ‘आम्ही तुला पाहतो’ असा आहे. समोरच्याची दखल घेतल्याशिवाय कामाचे बोलणे हा उद्धटपणा मानला जातो. ही सवय फ्रान्समध्ये जशीच्या तशी कामी येते. तेथे दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा लिफ्टमध्ये शिरताना ‘बोंजूर’ म्हणणे अनिवार्य समजले जाते, आणि ते न म्हणता थेट प्रश्न विचारणाऱ्या परदेशी माणसाला जी थंड वागणूक मिळते तिला लोक उगाच फ्रेंचांचा गर्विष्ठपणा म्हणतात. जर्मनीत किंवा फिनलंडमध्ये मात्र ‘कसे आहात’ हा प्रश्न खरा प्रश्न म्हणून घेतला जातो. अनोळखी माणसाने तो विचारला की ऐकणारा बुचकळ्यात पडतो, आणि ओळखीच्याने विचारला की प्रामाणिक उत्तर देतो. तेथे केवळ ‘गुटन टाग’सारखे स्थानिक अभिवादन करून कामाला लागावे आणि समोरच्याच्या मौनात राग शोधू नये.

नजरेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. झुलू, खोसा आणि इतर अनेक समाजांत वडीलधाऱ्यांशी किंवा वरिष्ठांशी बोलताना डोळे खाली ठेवणे हे संस्कारांचे लक्षण आहे. युरोपातील मुलाखत घेणारा माणूस तीच नजर पाहून उमेदवाराला आत्मविश्वास नाही किंवा तो काही दडवतो आहे असा निष्कर्ष काढतो. ज्यांची वाढ या रीतीत झाली आहे त्यांनी मुलाखतीपूर्वी एखाद्या मित्रासोबत सराव करावा. समोरच्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे पाहायचे आणि उत्तराचा विचार करताना नजर हलवायची, एवढे जमले तरी पुरते. जर्मनीत पेला उंचावताना प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहण्याची पद्धत आहे, ती पाळली नाही तर ताबडतोब लक्षात येते. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र तेथे एक दिवसही आधी देऊ नयेत, ते अशुभ मानतात.

संबोधनाची अडचण मराठी वाचकाला लगेच कळेल, कारण तू आणि तुम्ही यांसारखाच भेद जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’, तर फ्रेंचमध्ये ‘तु’ आणि ‘वू’ असा आहे. दक्षिण आफ्रिकेत वयाने मोठ्या व्यक्तीला ‘मामा’, ‘बाबा’, ‘टानी’, ‘ओम’, ‘आँटी’ असे नात्याने हाक मारली जाते. युरोपात अनोळखी बाईला मावशी म्हटलेले तिला मुळीच आवडणार नाही. जर्मनीत आडनावासह ‘फ्राऊ’ किंवा ‘हेर’ म्हणावे आणि ‘डू’वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून येण्याची वाट पाहावी. नेदरलँड्समध्ये आणि उत्तरेकडील देशांत उलट, साठीच्या संचालकालाही पहिल्या नावाने हाक मारतात, आणि तेथे अतिनम्र संबोधनाने दुरावा वाटतो. ज्यांना हे जड जाते त्यांनी स्वतःला एवढेच सांगावे की नावाने हाक मारणे ही तिथल्या आदराचीच भाषा आहे.

आमंत्रण, वेळ आणि सरळ बोलणे

दक्षिण आफ्रिकेतला ‘ब्राय’, म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजत रंगणारी मैफल, दुपारी ठरतो आणि संध्याकाळी पार पडतो. कोणी सोबत आणखी दोघांना घेऊन आला तरी अन्न पुरते, कारण जो तो आपले मांस घेऊन येतो. नेदरलँड्समध्ये हाच उत्साह दाखवून शनिवारी सकाळी मित्राला फोन केला तर तो डायरी उघडून पुढच्या महिन्यातली तारीख सांगेल. त्याला तुमच्याविषयी आपुलकी नाही असा याचा अर्थ नाही. मदतनीस नसलेल्या घरात दोघेही नोकरी करतात, मुलांचे वेळापत्रक सांभाळतात, आणि डायरीत लिहिलेली भेट मोडायची नाही असा नियम पाळतात. आमंत्रण मिळाले की वेळेवर पोहोचावे, किती जण येणार ते आधी कळवावे, आणि कॉफीसाठी बोलावले असेल तर जेवणाच्या वेळेपूर्वी निघावे. डच वाढदिवसाला गेलात तर ज्याचा वाढदिवस आहे त्याच्याबरोबरच त्याच्या आईवडिलांचे आणि भावंडांचेही अभिनंदन करावे लागते, हे आधीच माहीत असलेले बरे. स्पेनमध्ये जेवण रात्री नऊ-दहाला सुरू होते, तेव्हा सहा वाजता जेवायची सवय असलेल्यांनी दुपारीच भरपूर खाऊन घ्यावे.

ब्रिटनमध्ये ‘कधीतरी घरी या’ हे वाक्य निरोपाचा भाग असते. तारीख सांगितली गेली तरच ते आमंत्रण समजावे. तसेच ‘नॉट बॅड’ म्हणजे चांगलेच झाले आहे आणि ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे मला तुमचे अजिबात पटलेले नाही, हे शिकायला सहा महिने लागतात. डच माणूस याच्या दुसऱ्या टोकाला असतो. तुमचे सादरीकरण लांबले आणि तिसरा मुद्दा चुकीचा होता, असे तो सर्वांदेखत सांगेल आणि पाच मिनिटांनी तुमच्यासोबत आनंदाने जेवायला बसेल. दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः जिथे सार्वजनिक मानहानी फार लागते अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला, हे ओरखडे अनेक दिवस जाणवतात. टीका कामावर होती, माझ्यावर नव्हती, हे समजून घेण्याचा एक व्यावहारिक मार्ग म्हणजे त्याच सहकाऱ्याला त्याच दिवशी विचारणे: ‘तिसरा मुद्दा तू कसा मांडला असतास?’ त्याचे उत्तर सहसा मनापासून आणि उपयुक्त असते.

नेदरलँड्समध्ये एक गोष्ट ओळखीचीही सापडेल. सोथो आणि त्स्वाना परंपरेतल्या ‘लेखोत्ला’त, म्हणजे गावसभेत, सगळ्यांचे बोलणे होईपर्यंत निर्णय होत नाही, डच कार्यालयातले ‘ओव्हरलेख’, म्हणजे सल्लामसलत, तसेच लांबते आणि सर्वांत कनिष्ठ माणसाचेही मत विचारते. ज्यांना ते चर्चेचे गुऱ्हाळ वाटते त्यांच्यापेक्षा या परंपरेत वाढलेल्या दक्षिण आफ्रिकन माणसाची तयारी जास्त असते, म्हणून अशा बैठकीत गप्प न बसता बोलावे.

कामाच्या ठिकाणी

‘अ बूर माक अ प्लान’, म्हणजे शेतकरी काहीतरी तोड काढतोच, ही आफ्रिकान्स म्हण साऱ्या देशाची झाली आहे. वीज नाही, सुटा भाग नाही, माणूस आला नाही, तरी काम थांबत नाही. २००७ पासून भारनियमन सोसत आलेल्या आणि २०२३ साली त्याचे सर्वांत वाईट वर्ष पाहिलेल्या देशात ही वृत्ती तगण्यासाठी आवश्यकच होती. जर्मन कारखान्यात मात्र ठरलेली प्रक्रिया ओलांडून काम तडीस नेणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, कारण तेथे प्रक्रिया हाच सर्वांनी दिलेला शब्द असतो आणि ती एकाने मोडली की पुढच्या चौघांचे काम अडते. ही कल्पकता दडपून टाकू नये. पण तिचा उपयोग करण्याआधी ‘अशी अडचण आहे, असा मार्ग दिसतो, चालेल का’ असे लेखी विचारण्याची शिस्त लावून घ्यावी.

रजेविषयीचा संकोच सोडणे हा दुसरा धडा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने वर्षाला सलग २१ दिवसांची, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात १५ कामाच्या दिवसांची किमान रजा मिळते. युरोपीय संघात किमान चार आठवडे आहेत आणि प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहून जास्त देतात. ती घेतली नाही म्हणून कोणी तुम्हाला मेहनती म्हणणार नाही. उलट नियोजन जमत नाही असे समजतील. आजारी असताना कामावर येणे हे जर्मनीत सहकाऱ्यांप्रति बेजबाबदारपणाचे मानले जाते. मायदेशी तीन वर्षांच्या चक्रात ३० दिवसांची आजारपणाची रजा पुरवून वापरण्याची सवय असते, तर जर्मनीत एका आजारासाठी सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. संध्याकाळी सातनंतर आलेल्या संदेशाला उत्तर न देणेही तितकेच स्वीकारलेले आहे; फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे.

कुटुंबाविषयी मात्र स्वतःहून बोलावे लागते. युरोपीय कार्यालयात शोकरजा आईवडील, पती-पत्नी, मुले आणि फार तर भावंडे यांच्यापुरती असते. ज्याला तुम्ही भाऊ म्हणता तो त्यांच्या नोंदीत चुलतभाऊ असतो, आणि दूरच्या गावी होणाऱ्या अंत्यविधीला सारे घराणे का जमते हे वरिष्ठाला ठाऊक नसते. वेळ येण्याआधीच, कामाला लागल्यावर काही आठवड्यांत, शांतपणे हे समजावून सांगावे आणि अशा प्रसंगी वार्षिक रजा किंवा बिनपगारी रजा मिळेल का ते विचारून ठेवावे. दर महिन्याला घरी पैसे पाठवण्याच्या जबाबदारीला दक्षिण आफ्रिकेत ‘ब्लॅक टॅक्स’ म्हणतात. पगार चांगला असूनही सहलीला का येत नाही, असे सहकारी विचारतील तेव्हा संकोच न करता खरे कारण सांगावे. मायदेशी मात्र युरोपातला कर, भाडे आणि विमा वजा होऊन हाती काय उरते, हे आकड्यांनिशी सांगणे तितकेच गरजेचे आहे, अन्यथा युरो आणि रँड या दक्षिण आफ्रिकेच्या चलनाच्या दरावरून सगळे हिशेब मांडले जातात. काही जण परदेशात एकत्र येऊन ‘स्टॉकवेल’, म्हणजे आपल्याकडची भिशी, चालवतात, आणि त्यात पैशापेक्षाही आधार मोठा असतो.

घर, शेजार आणि कागदपत्रे

मोठे आवार, कुत्रे आणि भिंत असलेल्या घरातून आलेल्या माणसाला फ्लॅटचे जीवन सर्वांत आधी आवाजातून कळते. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची असते; ड्रिल, हातोडा, गवत कापण्याचे यंत्र यांना त्या दिवशी मनाई असते, काचेच्या बाटल्याही रविवारी सार्वजनिक पेटीत टाकत नाहीत. बहुतेक दुकानेही बंद असतात, म्हणून शनिवारीच खरेदी करावी. बाल्कनीत ब्राय पेटवण्यापूर्वी भाडेकरार आणि इमारतीची नियमावली वाचावी. अनेक ठिकाणी कोळशाला परवानगी नसते, पण उद्यानांत त्यासाठी राखून ठेवलेल्या जागा असतात. नव्या घरात गेल्यावर पहिल्या आठवड्यातच वरच्या, खालच्या आणि समोरच्या दारावर जाऊन ओळख करून द्यावी. पुढे कधी मुलाचा वाढदिवस गोंगाटाचा झाला तर आधी कळवणाऱ्या ओळखीच्या शेजाऱ्यावर लोक रागावत नाहीत.

हवेशीर खोलीचीही तिकडे शिस्त आहे. दक्षिण आफ्रिकेतली घरे हिवाळ्यात आतून गार असतात, लोक जाड जर्सी घालून बसतात आणि खिडकी अर्धवट उघडी राहते. जर्मन घर बंदिस्त आणि आतून ऊबदार असते, त्यामुळे ओलावा साचून बुरशी धरते; यासाठी दिवसातून दोन-तीन वेळा सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडून पुन्हा बंद करायच्या असतात, आणि अनेक भाडेकरारांत तसे लिहिलेलेही असते.

नोंदणीला उशीर करू नये. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते, जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. त्या कागदाशिवाय पुढची कामे अडतात. मायदेशी वर्षाला २६५ रँडचे टीव्ही शुल्क अनेक जण भरतच नाहीत. जर्मनीत मात्र प्रत्येक घराला प्रसारण शुल्क लागू असते, २०२१ पासून त्याचा दर महिन्याला १८.३६ युरो आहे, टीव्ही नसला तरी ते भरावे लागते आणि त्या पत्राकडे दुर्लक्ष केल्यास वसुली होते.

घरकामाला मदतनीस नसणे हा बदल मध्यमवर्गीय दक्षिण आफ्रिकन कुटुंबाला सर्वांत जास्त सोसावा लागतो, आणि त्याविषयी तक्रारीच्या सुरात बोलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिकडे श्रम महाग आहेत म्हणजे श्रम करणाऱ्याला जगण्याइतका मोबदला मिळतो. पतिपत्नींनी कामांची वाटणी पहिल्याच महिन्यात लिहून काढावी, नाहीतर सारा भार नकळत एकीवर पडतो. पेट्रोलही स्वतःच भरावे लागते.

रस्ता आणि सुरक्षितता

ब्रिटन, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युरोपात वाहने उजव्या बाजूने चालतात. दिशेपेक्षा चौक जास्त फसवतो: दक्षिण आफ्रिकेत चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात आधी आलेला आधी जातो, तर जर्मनी आणि आसपासच्या देशांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते. मागच्याला जाऊ देण्यासाठी रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या रेषेपलीकडे सरकण्याची मायदेशातली सभ्यता जर्मन महामार्गावर नियमभंग ठरते. ब्रिटनमध्ये दक्षिण आफ्रिकेचा परवाना स्थानिक परवान्याशी बदलून मिळतो, जर्मनीत मूळ परवाना निवासी झाल्यापासून सहा महिनेच चालतो.

भीती उतरायला वेळ लागतो, आणि त्याबद्दल स्वतःवर चिडू नये. सिग्नलला थांबल्यावर दारे बंद आहेत का पाहणे, मागून येणाऱ्या पावलांकडे कान लावणे, रात्री मुलाला खिडकीजवळ झोपू न देणे, या सवयींनी एकेकाळी जीव वाचवलेले असतात. जर्मनीतली ३१ डिसेंबरची रात्र विशेष कठीण जाते, कारण मध्यरात्री सर्व बाजूंनी फटाके वाजतात आणि अंग गोळीबारासारखे दचकते. ते आधीच माहीत असावे. हळूहळू सुरुवात करावी: आधी संध्याकाळी जवळच्या दुकानापर्यंत पायी, मग रात्रीच्या ट्रामने. जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये लहान मुले एकटी शाळेत जातात. स्वित्झर्लंडमध्ये बालवाडीतली मुले गळ्यात चमकदार त्रिकोणी पट्टा घालून निघतात. तुमच्या मुलाला गाडीने सोडत राहिलात तर तो वर्गात वेगळा पडतो, म्हणून काही दिवस त्याच्यासोबत चालत जाऊन रस्ता दाखवावा आणि मग त्याला मित्रांबरोबर जाऊ द्यावे. स्थानकांवर आणि पर्यटकांच्या गर्दीत खिसेकापू मात्र असतात, तेव्हा सगळीच सावधगिरी सोडू नये.

वंश, ओळख आणि ‘मूळचे कुठले?’

या विषयाची तयारी सर्वांत कमी लोक करतात. दक्षिण आफ्रिकेत जनगणनेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत वंशाचा उल्लेख उघडपणे होतो. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांवर वंशाचा शिक्का मारला, १९९१ साली तो कायदा रद्द झाला, पण झालेला अन्याय मोजण्यासाठी आणि भरून काढण्यासाठी ते गट नोंदीत राहिले. म्हणूनच ‘कलर्ड’ हे तेथे एका मोठ्या, स्वतःचा इतिहास असलेल्या समाजाचे नाव आहे. ब्रिटनमध्ये आणि इतरत्र हाच शब्द अपमानकारक मानला जातो. त्या समाजातल्या माणसालाही तो तिकडे स्वतःसाठी वापरताना आधी समजावून सांगावे लागते, आणि इतरांनी तो न वापरणेच योग्य.

फ्रान्स आणि जर्मनीत जनगणनेत वंश विचारतच नाहीत. त्यामागेही जखम आहे. नेदरलँड्समध्ये नाझी व्यवस्थेने नागरी नोंदवह्यांच्या आधारे ज्यूंना शोधून काढले, आणि २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार करणाऱ्यांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून तेथील नोंदी जाळण्याचा प्रयत्न केला. माणसांची अशी यादी करण्याविषयीचा युरोपीय संकोच समजून घेतला की त्यांचे मौन ढोंग वाटत नाही. पण न मोजल्याने भेदभाव नाहीसा होत नाही, हेही तितकेच खरे. ज्या देशात आपण बहुसंख्य होतो तेथून आलेल्या कृष्णवर्णीय माणसाला बर्लिनच्या रेल्वेच्या डब्यात अचानक एकटेपणाची जाणीव होते. घर भाड्याने घेताना फोनवरचा उत्साह प्रत्यक्ष भेटीत मावळतो. अशा वेळी तारीख, वेळ आणि बोलणे लिहून ठेवावे. युरोपीय संघाच्या देशांत वंशाधारित भेदभावाविरुद्ध दाद मागण्यासाठी समानतेची काळजी घेणाऱ्या सार्वजनिक संस्था असतात.

भारतीय वंशाच्या डर्बनच्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले’ हा प्रश्न दोनदा विचारला जातो, कारण ‘दक्षिण आफ्रिका’ हे उत्तर ऐकणाऱ्याला अपुरे वाटते. ज्यांचे पूर्वज १८६० पासून डर्बनभोवतालच्या नाताळ प्रांतातल्या ऊसमळ्यांत राबायला नेले गेले, त्यांनी हा इतिहास दोन वाक्यांत सांगण्याची तयारी ठेवावी आणि सांगायची इच्छा नसेल त्या दिवशी ‘मी डर्बनचा’ एवढ्यावर थांबावे. गोऱ्या दक्षिण आफ्रिकन माणसाला दुसऱ्या प्रकारचे प्रश्न येतात. वर्णभेदाच्या निषेधार्थ १९८४ साली डब्लिनमधल्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेची फळे विकायला नकार देऊन संप केला आणि १९८७ साली आयर्लंडने त्या मालावर बंदी घातली. लंडनमध्ये १९८६ पासून चार वर्षे ट्राफल्गार चौकात दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर अखंड निदर्शने चालली. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आज साठी-सत्तरीत आहेत आणि तुमच्या उच्चारावरून त्यांना ते सर्व आठवते. बचाव न करता, आपल्या घरात त्या काळाविषयी काय बोलले गेले आणि आज आपण काय मानतो, हे प्रामाणिकपणे सांगणे हाच पुढे जाण्याचा मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या सिंटरक्लासच्या, म्हणजे मुलांना भेटवस्तू आणणाऱ्या संताच्या, सणात चेहरा काळा रंगवलेल्या सहायकावरून अनेक वर्षे वाद चालला आहे, आणि बहुतेक मोठ्या मिरवणुकांत आता फक्त काजळीचे फराटे ओढतात. शाळेत ते पात्र तुमच्या मुलासमोर आले आणि तुम्हाला खटकले, तर शिक्षिकेला तसे सरळ सांगावे; डच लोक सरळ बोलण्याचा आदर करतात.

हिवाळा, मैत्री आणि घरचे लोक

केपटाउनमध्ये जूनच्या सर्वांत लहान दिवशीही सुमारे १० तास उजेड असतो. हेलसिंकीत डिसेंबरमध्ये ६ तासांहूनही कमी. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो, अंधाराचा होत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालणे रोज पाळावे. ब्रिटनमधील आरोग्यसेवा शरद ऋतूत आणि हिवाळ्यात सर्वांना रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर, तेव्हा डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मैत्री युरोपात बहुधा एखाद्या सामाईक कामातून जुळते. जर्मनीत गायन, फुटबॉल, बागकाम अशा प्रत्येक गोष्टीची नोंदणीकृत मंडळे असतात आणि दर मंगळवारी तीच माणसे भेटत राहिल्याने वर्षभरात ओळख घट्ट होते. धावण्याची किंवा चालण्याची आवड असेल तर शनिवार सकाळचा ‘पार्करन’ उत्तम. दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या पॉल सिंटन-ह्यूइट यांनी तो २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंसह सुरू केला, आणि मायदेशी ठाऊक झालेला तोच मोफत पाच किलोमीटरचा उपक्रम जर्मनी, नेदरलँड्स आणि पोलंडमध्येही सापडतो. मायदेशातल्या लोकांचा गट जरूर असावा, पण पहिल्या वर्षी फक्त त्याच गटात राहिलात तर स्थानिक भाषा आणि स्थानिक ओळखी दोन्ही मागे पडतात.

घरी फोन करण्याची वेळ लिहून ठेवावी, कारण दक्षिण आफ्रिकेत घड्याळ बदलत नाही. उन्हाळ्यात बर्लिन आणि जोहान्सबर्गची वेळ एकच असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत बर्लिन तासभर मागे असते, आणि लंडन नेहमी त्याच्याही एक तास मागे. शाळेचे वर्षही जुळत नाही: मायदेशी ते जानेवारीत सुरू होते, युरोपात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यामुळे डिसेंबरची लांब सुट्टी मिळत नाही आणि घरी जाण्याचा बेत वर्षभर आधी आखावा लागतो. आईवडील भेटीला येणार असतील तर त्यांना शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांसाठी व्हिसा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ब्रिटनने २००९ पासून आणि आयर्लंडने जुलै २०२४ पासून दक्षिण आफ्रिकन नागरिकांना व्हिसा लागू केला आहे. त्यांना आधीच सांगून ठेवावे की बिलटाँग, म्हणजे सुकवलेले मांस, आणि बूरेवोर्स हे सॉसेज सामानात आणू नये. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मनाई आहे आणि सीमाशुल्क अधिकारी ते काढून घेतात. रूइबोस चहाची पुडीही आणण्याची गरज नाही, तो जर्मनीतल्या साध्या सुपरमार्केटात मिळतो. त्याऐवजी आईने जुने फोटो आणि मुलांना गोष्टी सांगण्यासाठी वेळ घेऊन यावे, आणि तिच्यासाठी विमानतळावर जाताना एक जाड कोट सोबत न्यावा.